लाल टॅब हाडांचे

रत्नमाला मला मी चुकलेलेच प्रश्न परत परत का विचारते, याचा मी बरेच दिवस वाईटच अर्थ काढत होते.

"म्हातारी पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर मागंच घातलंय, आज नुसती दाखवायला आलीय. बोल."

मी पुस्तकाकडे हात नेला की ती पुस्तकावर तळवा ठेवायची. "आधी तोंडानं सांग, कुठं शोधशील. मग उघड."

मी सांगायचे. हाडांचा भाग, मनगट, उजवी बाजू, पुढची भेट.

"उजवी कुणी सांगितली तुला?"

"पडताना माणूस उजवा हातच टेकवतो की."

"कागदावर लिहिलंय का?"

लिहिलेलं नसायचं. आमच्या कामाचा पहिला नियमच तो, कागदावर नाही ते धरायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. नियम मला पाठ होता. तरी मी धरायचे. ती हसायची नाही, रागवायचीही नाही, नुसतं "हं" म्हणून पुढं जायची. आणि दोन-तीन दिवसांनी तीच म्हातारी परत पायरीवरून घसरायची, या खेपेला घोटा मोडून घेऊन.

मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरनं लिहिलेली दुखणी, तपासण्या, ऑपरेशनं वाचून प्रत्येकाला ठरलेला क्रमांक द्यायचा. परदेशातल्या विमा कंपन्या त्यावरून बिलं भागवतात. त्याच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला पुस्तक आत नेता येतं. हे ऐकून सत्यम, माझा नवरा, म्हणाला होता, "मग परीक्षा कसली? ही तर राजरोस कॉपी." मी पुस्तक त्याच्या हातात दिलं तेव्हा गप्प झाला. उशीएवढं जाड पुस्तक, बारीक अक्षर, शंभर प्रश्न आणि चार तास. उत्तर पुस्तकात असतंच, फक्त वेळेत सापडत नाही. म्हणून सगळे पानांच्या कडेला रंगीत टॅब चिकटवतात, म्हणजे नुसत्या रंगावर बोट ठेवून पान उघडावं. माझे लाल हाडांचे होते, निळे हृदयाचे, हिरवे पोटाचे, पिवळे बाळंतपणाचे. मी जरा जास्तच लावले होते. क्लासचे सर म्हणाले होते, "प्रेरणा मॅडम, पोळ्याचा बैल सजवलाय का?"

सिडकोतल्या ज्या कंपनीत मी बाळंतपणाआधी काम करत होते, तिथं आता हे सर्टिफिकेट असल्याशिवाय परत घेत नव्हते. घरून काम करायची एकच जागा निघाली होती. मुलगी, संस्कृती, दोन वर्षांची. तिला सोडून शिफ्टला जाणं मला जमणार नव्हतं, म्हणजे ती एक जागा मिळाली तरच माझी नोकरी. रत्नमालाचंही तेच. ती माझ्याच बॅचची, मुकुंदवाडीतच दोन गल्ल्या पलीकडं एका खोलीत राहायची. तिचा बिरू संस्कृतीहून दोन महिन्यांनी मोठा. नवरा रामेश्वर टेम्पो घेऊन चार-चार दिवस बाहेर. सासू बानाबाई कन्नडच्या पुढं मेंढरांमागं, तिला शहरात करमतही नाही आणि मेंढरं सोडून येताही येत नाही.

म्हणून आम्ही मुद्दाम वेगवेगळे दिवस घेतले होते. तिची परीक्षा शनिवारी, माझी त्याच्या पुढच्या रविवारी. तिच्या दिवशी बिरू माझ्याकडं, माझ्या दिवशी संस्कृती तिच्याकडं. तोवर रोज दुपारी आमच्या घरी बसायचं. एकीनं घड्याळ लावून पेपर सोडवायचा, दुसरीनं दोन्ही पोरं सांभाळायची, मग एकमेकींना प्रश्न विचारायचे.

अडचण अशी होती की मी काढलेल्या प्रश्नांत तिला पैकीच्या पैकी मिळायचे आणि तिनं काढलेल्या प्रश्नांत मी रोज आपटायचे. मला जे येतं ते ती विचारायचीच नाही. बाळंतपणाचा भाग मला तोंडपाठ, तर तिच्या पेपरात एक बाळंतीण नाही. मला वाटायला लागलं, ही मला खचवतेय. मी घाबरून तारीख पुढं ढकलली की जागा हिची.

सत्यमला सांगितलं तर तो म्हणाला, "तू ना, भाजीवाल्याच्या तराजूखाली पण वाकून बघतेस." मी बघतेच. एकदा खाली खडा सापडलाही होता.

परीक्षेसाठी म्हणून माझ्या सासूबाई, आशाबाई, कन्नडहून येऊन राहिल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचा आधार होता, पण पोरगी दिवसभर एकट्या त्यांच्यावर सोडायला माझं मन धजत नव्हतं, माझा डोळा त्यांच्यावरही असायचा. दूध त्यांनी पेल्यात ओतलं की मी बोट बुडवून बघायचे. पोरगी त्यांच्याजवळ खेळत असली तरी दारातून डोकावून जायचे. घरात फेविकॉल असताना त्यांनी संस्कृतीच्या चित्रांच्या पुस्तकाचं निघालेलं पान भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, त्यावरून मी बोलले होते. रत्नमालाबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. "पोरगी लई हुशार हाय. लई हुशार मानसाजवळ जरा बेतानंच बसावं."

तेवढ्यात एक दिवस क्लासमधून फोन आला, हॉलतिकिटावरचा फोटो चुकलाय, येऊन जा. मी दुपारी गेले. घरी आत्या, रत्नमाला आणि दोन्ही पोरं. परत आले तर रत्नमाला निघून गेली होती. बिरूला डोस द्यायचा होता म्हणे. संस्कृती झोपलेली, आत्या मेथी निवडत बसलेल्या.

संध्याकाळी मी पुस्तक घेतलं, हाडांसाठी लाल टॅबवर बोट ठेवलं आणि पान उघडलं. समोर कानाचे रोग.

दुसरा लाल. डोळे. तिसरा लाल. त्वचा.

मी पुस्तक उभं धरून कड बघितली. सगळे टॅब होते, एकही गेलेला नव्हता. पण आता वर सगळे लाल, त्यांच्याखाली सगळे निळे, मग हिरवे, मग पिवळे, सारख्या अंतरावर, ओळीनं, जशी लग्नाच्या मांडवाला झालर. पोरीनं केलं असतं तर विस्कटलं असतं, फाटलं असतं, चार टॅब तिच्या तोंडात सापडले असते. हे कुणीतरी मन लावून बसून केलेलं होतं.



"आत्या, या पुस्तकाला कुणी हात लावला होता?"

त्यांनी मेथीची काडी मोडली. "मी काय कुनाचं नाव घेत नाय. पुस्तक तिच्या हातात हुतं येवढं बघितलं."

दुसऱ्या दिवशी रत्नमाला आली, बिरू कडेवर, खांद्याला पिशवी. मी तिला बसूही दिलं नाही. पुस्तक तिच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

तिनं कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्या खांद्यावरून मागं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं आत्या उभ्या होत्या. मग परत माझ्याकडं.

"मी नाही केलं."

"मग कुणी? दोन वर्षांच्या पोरीनं रंगाला रंग लावला?"

"मी नाही केलं, एवढंच सांगते."

"तू होतीस ना घरात!"

"मी एकटीच होते का?"

"म्हणजे? आता आत्यांवर ढकलणार? त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, त्यांना काय पडलंय?"

बिरूनं माझ्याकडं हात केले, नेहमीसारखे. मी घेतलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी मी याला किती वाजता आणू?"

"शनिवारचं तुझं तू बघ."

हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं. पकडलं एकदाचं, असं.

त्यानंतर मी एकटी बसायला लागले. टॅब काढून परत लावायला घेतले तर ते निघेनात, जोर केला की पानाचा कागद सोलून यायचा. तसेच ठेवले. रंगांकडं न बघता शोधायची सवय करावी लागली. आधी भागाचं नाव डोक्यात आणायचं, मग पुस्तकाच्या मागच्या सूचीत शब्द, मग पान. दुपारी स्वतःच प्रश्न काढायचे आणि स्वतःच सोडवायचे. सगळे बरोबर यायचे. आत्या म्हणायच्या, "बघ, ती गेली तशी डोकं शांत झालं तुझं."

मला मात्र ते सगळं बरोबर येणं खटकायला लागलं. स्वतःला पेपर काढताना हात आपोआप बाळंतपणाकडंच वळत होता.

म्हणून क्लासचा एक सराव पेपर आणला आणि घड्याळ लावून बसले. मधेच एक प्रश्न आला. म्हातारा गोठ्यात घसरून पडला, खुबा मोडला, आज दुसऱ्यांदा दाखवायला आला. माझी पेन्सिल 'उजवा'वर गेली आणि थांबली. प्रश्नात डावं-उजवं काही नव्हतं. आणि मला स्पष्ट ऐकू आलं, कुणी सांगितलं तुला?

रत्नमालानं त्या म्हातारीला इतक्यांदा पाडलं नसतं तर मी हा प्रश्न घालवला असता. मला खचवायचंच असतं तर मला जमत नाही ते तिनं झाकून ठेवलं असतं. मी तिच्यासाठी तसंच करत होते. तिला येतील असेच प्रश्न मी काढायचे, म्हणजे पेपर लवकर संपायचा आणि माझी पाळी लवकर यायची.

मी हा विचार फार पुढं नेला नाही. टॅब तर तिनंच हलवले होते ना.

गुरुवारी दुपारी पुस्तकाला मुंग्या लागल्या.

बारीक तांबड्या मुंग्यांची रांग खिडकीतून टेबलाच्या पायावरून वर चढत थेट पुस्तकाच्या कडेला. मी पुस्तक झटकलं, पान उघडलं. मुंग्या टॅबखाली शिरत होत्या. कागद सोलला तर सोलला म्हणून एक लाल टॅब नखानं उचलला. त्याखाली वाळून काचेसारखं झालेलं एक भाताचं शीत, दाबून चपटं केलेलं. निळ्याखाली शीत. हिरव्याखाली दोन.

बाहेर स्टेशनात गाडी लागल्याचा आवाज आला आणि गेला.

आत्या ओट्याजवळ खाली बसून लसूण सोलत होत्या. संस्कृती त्यांच्या पदराशी खेळत होती.

"आत्या, पुस्तकाला मुंग्या लागल्यात."

"लागत्यात. पोरीनं खडीसाखर सांडली असंल."

"भात आहे."

त्यांचे हात थांबले. मग परत सोलायला लागले, पण त्याच सोललेल्या पाकळीला.

"जरासा डोळा लागला हुता," त्या म्हणाल्या. "लई नाय. ती रत्नी तिच्या पोराला हागवायला मोरीत गेली आन् मी भितीला टेकले. डोळा उघडला तर ह्या संस्कृतीबाईनं समदे उपटलेले. कपाळाला येक चिकटीवलेला, टिकली म्हनून."

"मग मला सांगायचं ना."

"कसं सांगनार? दूध दिलं तर तू बोट बुडवून बघतीस. पोरगी मांडीवर घेतली तर दारातनं डोकावतीस. झोप लागली म्हनले असते तर दुसऱ्या दिवशी कन्नडच्या यष्टीत बसीवलं असतंस मला." त्यांनी नाक ओढलं. "मी नीट लावले की. गोंद राहिला नव्हता त्याला. रंगाला रंग मिळवून लावले, आधी इसकटल्यागत दिसत हुतं."

"आणि रत्नमालाचं नाव घेतलं ते?"

"नाव कुठं घेतलं? पुस्तक तिच्या हातात हुतं म्हनले. हुतंच. ती म्हनत हुती, आत्या राहू द्या, प्रेरना लावंल. मीच वढून घेतलं."

मला ओरडायचं होतं. पण डोक्यात हिशेब आधी सुरू झाला. आत्या रुसून गेल्या तर माझ्या रविवारी संस्कृती कुणाकडं? सत्यमची शेंद्र्याला शिफ्ट, सुट्टी मिळणार नाही. गप्प बसले तर माझा रविवार सुखरूप. रत्नमालाला काहीच कळणार नाही.

आणि तिचा शनिवार? तो परवावर आला होता.

"मी तिच्याकडं जाऊन येते," मी म्हणाले. "सांगायला."

"काय सांगायला?"

"काय झालं ते."

"माझं नाव सांगशील?"

"सांगणार."

त्या उठल्या, लसणाची ताटली ओट्यावर आपटली आणि खुंटीवरची पिशवी काढली. मी अडवलं नाही. संस्कृतीला उचललं आणि निघाले. जिना उतरताना मनातल्या मनात कन्नडच्या गाडीची वेळ आठवत होते.

रत्नमालाच्या खोलीचं दार उघडंच होतं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलेलं आणि ती बिरूला समोर बसवून त्याला शिकवत होती.

"भाजलं. आता आधी काय बघायचं? कुठं भाजलं. मग किती खोल. मग अंगाचा केवढा भाग. कशानं भाजलं ते शेवटी. काय बघायचं आधी, बिरुबा?"

"बुवा," बिरू म्हणाला.

"शाब्बास." मग तिनं मला बघितलं आणि चेहरा मिटला, पुस्तकासारखा.

मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. मुंग्या, शीत, आत्यांची झोप. ती ऐकत राहिली. आश्चर्य वाटल्याचं एकही चिन्ह नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"मोरीतून बाहेर आले तर तुझी पोरगी लाल टिकली लावून बसलेली. आन् आत्या भाताचं पातेलं घेऊन."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठं? तू ठरवून उभी होतीस." ती उठली, बिरूचं नाक पुसलं. "आन् बोलले असते तर मानलं असतंस? धनगराच्या पोरीनं सासू-सुनेत काडी लावली, असंच म्हनली असतीस. आत्यांच्या समोर."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणता आलं नाही.

"शनिवारी बिरूचं काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार. रामेश्वर बीडला माल घेऊन गेलाय, रविवारशिवाय येत नाय. सासू म्हनली, मेंढरं कुनाच्या भरवशावर टाकू? सोबत नेते याला. तिथं गेटवरच्या वॉचमनला इचारते."

"माझ्याकडं ठेव."

ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू मला आवडलं नाही.

"तुझ्याकडं. आन् हा रडला म्हनून तू निरोप पाठवलास, ये लवकर, तर? एकच जागा हाय, प्रेरणा. तुला बी पायजे, मला बी पायजे."

"मी असं करीन असं वाटतं तुला?"

"तुला वाटलं नाही का माझ्याबद्दल?"

एखादा पुरावा दाखवावा तर कसला? मी अजून काहीच केलेलं नव्हतं, चांगलंही नाही. संस्कृती माझ्या कडेवरून खाली घसरली आणि बिरूच्या शेजारी जाऊन बसली. दोघं मिळून चपलेचा पट्टा ओढायला लागले. आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत राहिलो, कारण एकमेकींकडं बघायचं नव्हतं.

"तुझे प्रश्न मी सोपे काढायचे," मी म्हणाले. "सगळे. तुला भाजण्याचा भाग येत नाही हे मला माहीत होतं. मी एकदाही विचारला नाही."

"माहीत हाय. म्हनून तर याला शिकवतेय." तिनं बिरूकडं मान केली. "आमच्याकडं मेंढरं एका दमात बरोबर भरली की बाप परत मोजायचा. दुसऱ्या टोकाकडनं."

"आता विचारते. चालेल?"

तिनं पुस्तक उचललं नाही आणि मला जा असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्यावर बसले.

"बाई स्वयंपाक करताना भाजली. हातावर उकळतं तेल. फोड आलेत. बोल."

"कुठला हात?" रत्नमाला म्हणाली.

"लिहिलेलं नाही."

"मग धरनार नाही. विचारनार." तिनं मान हलवली. "पुढचा घे. अवघड घे."

अंधार पडेपर्यंत मी तिला भाजत राहिले. तेलानं, वाफेनं, विजेनं. सहा चुकले, ते सहा परत विचारले. उठताना तिनं शनिवारबद्दल हो म्हटलं नाही आणि नाहीही.

घरी आले तर आत्यांची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती. त्या मात्र आत भाकरी थापत होत्या. मी पिशवी उचलून परत खुंटीला लावली. त्यांनी बघितलं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. मी पोचायच्या आत आत्यांनी उघडलं. रत्नमाला होती, धुतलेला ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी, एका हातात पुस्तक, कडेवर बिरू. तिच्या पुस्तकाला मोजकेच टॅब होते.

आत्या दारातून बाजूला झाल्या नाहीत. पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाल्या, "रत्नमाला, ते टॅब मीच लावले हुते. तू नाय." मग लगेच, जणू मधे काही झालंच नाही, "चा घेतीस का?"

"आल्यावर घेते, आत्या."

तिनं बिरूला माझ्याकडं दिलं. त्याची पिशवी दिली. भात कधी द्यायचा, झोपताना कुठलं फडकं लागतं, सगळं एका दमात सांगितलं. माझ्याकडं न बघता, माझ्या हाताकडं बघत. खाली रिक्षा उभी होती. मी बिरूला घेऊन गॅलरीत गेले. तो हात हलवत "आई, आई" करत होता.

रिक्षा जालना रोडकडं वळेपर्यंत मी बघत होते. मी तिच्या जागी असते तर तीनदा मागं वळून बघितलं असतं आणि चौथ्यांदा रिक्षा थांबवली असती. तिनं एकदाही बघितलं नाही. माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून, की उशीर होईल म्हणून, की बघितलं तर जाववणार नाही म्हणून, ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी काही धरलं नाही. ती आल्यावर विचारीन.